‘अतिक्रमण’ : एका शब्दाची अतिव्याप्ती

१

लक्षणाचे तीन दोष आपल्या तर्कग्रंथांनी सांगितले आहेत : अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. जे लक्षण आपल्या लक्ष्याची मर्यादा ओलांडून भलत्याच वस्तूंनाही लागू पडते, ते अतिव्याप्त होय. आजच्या मराठीतील ‘अतिक्रमण’ हा शब्द या दोषाचे ठळक उदाहरण म्हणून दाखविता येईल. शेजाऱ्याने बांध सरकविला, तर ते अतिक्रमण. गायरानावर कोणी झोपडी उभारली, तेही अतिक्रमण. परगावी गेलेल्या माणसाच्या मोकळ्या जागेत पत्र्याची शेड आली, भाडेकरूने मुदत संपल्यावर खोली सोडली नाही, राखणीला ठेवलेला माणूस जागा आपलीच म्हणू लागला, या सर्वांना एकच नाव. इतकेच काय, स्वतःच्या मालकीच्या जमिनीवर परवानगीवाचून बांधलेल्या इमारतीलाही बातमीदार आणि नागरिक याच शब्दाने ओळखतात.

शब्दाचा अर्थ वापराने विस्तारतो, ही भाषेची स्वाभाविक प्रवृत्ती होय. केवळ तेवढ्यावरून कोणत्याही शब्दाला दोष देता येणार नाही. परंतु येथे प्रश्न निराळा आहे. वर दिलेल्या प्रत्येक प्रसंगी कायदा मालक आणि रहिवासी यांच्यामध्ये वेगळे नाते मानतो. त्या नात्यानुसार दाद मागण्याचे ठिकाण बदलते, पुरावा बदलतो आणि मुख्य म्हणजे मुदत बदलते. जो मालक ‘माझ्या जागेवर अतिक्रमण झाले आहे’ एवढेच सांगत एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात हिंडतो, त्याची कधी सहा महिन्यांची, तर कधी बारा वर्षांची मुदत हिंडण्यातच संपते. उलट पक्षी, ज्याच्या डोक्यावरचे छप्पर कायद्याने काही काळ तरी सुरक्षित आहे, असा माणूसही त्याच शब्दामुळे सरसकट गुन्हेगार ठरविला जातो. या शब्दाची चिकित्सा भाषाभ्यासकाने करण्याचे कारण हेच होय.

चिकित्सेसाठी देहू आणि त्याचा परिसर हे क्षेत्र घेतले आहे. इंद्रायणीच्या काठचे हे गाव हवेली तालुक्यात असून पलीकडच्या तीरापासून खेड तालुका लागतो. एका बाजूस तळवडे आणि चिखली, दुसऱ्या बाजूस चाकणचा कारखान्यांचा पट्टा, तिसऱ्या बाजूस देहूरोडची लष्करी छावणी आणि दारूगोळ्याचे कोठार, अशा घेऱ्यात ते आज सापडले आहे. शेती, गायरान, वारकऱ्यांच्या धर्मशाळा, कामगारांना भाड्याने दिलेल्या खोल्या आणि एकेक गुंठ्याचे विकलेले तुकडे हे सर्व येथे एकमेकांस लागून आहेत. त्यामुळे ‘अतिक्रमण’ या एका शब्दाखाली दडलेली सर्व नाती थोड्या अंतरावर एकत्र दिसतात. देहूला आणखीही एक संदर्भ आहे. तुकोबांनी सावकारीची खते धाकट्या भावाबरोबर वाटून घेतली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडविली, अशी परंपरा सांगते. कागदावरील येणे सोडून देण्याची ही कथा ज्या गावाने साडेतीनशे वर्षे जपली, त्या गावात आज गुंठ्यागुंठ्याचा वाद कागदापाशी येऊन अडतो.

२

प्रथम या शब्दाच्या सोयऱ्याधायऱ्यांचा विचार केला पाहिजे. मराठीत जमिनीशी माणसाचे नाते सांगणारे शब्द तीन थरांचे आहेत. ‘भोग’, ‘भुक्ती’, ‘भोगवटा’ हा संस्कृतोद्भव थर. ‘कब्जा’, ‘ताबा’, ‘मालक’ हा अरबी-फारसीमार्गे आलेला थर. आणि ‘वहिवाट’, ‘कसणूक’, ‘बांध’, ‘शीव’ हा बोलीचा थर. ‘कब्जा’ शब्दाच्या मुळाशी मुठीत धरण्याची कल्पना आहे. ‘ताबा’ शब्दाच्या मुळाशी अनुयायित्वाची, म्हणजे कोणाच्या तरी अधीन असण्याची कल्पना आहे. ‘वहिवाट’ या शब्दात वापर आणि व्यवस्था या दोहोंचा समावेश होतो. जुन्या कागदांतील वहिवाटदार हा बहुधा दुसऱ्याच्या वतीने कारभार पाहणारा असे. याचा अर्थ असा की, जमीन हाती असणे आणि जमीन आपली असणे यांतील भेद या शब्दांनी मूलतः सांभाळलेला होता.

भारतीय व्यवहारशास्त्राने हा भेद फार पूर्वी ओळखला. याज्ञवल्क्याने लेख, भुक्ती आणि साक्षी ही तीन प्रमाणे सांगितली. मालक पाहत असून बोलत नाही आणि दुसरा भूमीचा उपभोग घेत राहतो, अशा स्थितीत भूमीसाठी वीस व इतर धनासाठी दहा वर्षांची मर्यादाही त्याने घातली. यावर कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयास असलेल्या विज्ञानेश्वराने मिताक्षरेत जी भूमिका घेतली, ती लक्षणीय आहे. गप्प बसलेल्या मालकाची हानी होते ती उत्पन्नापुरती. स्वामित्व तेवढ्याने नष्ट होत नाही, असे त्याचे म्हणणे. मराठी अमदानीतील मिराशीची कल्पनाही याच वळणाची होती. परागंदा झालेला मिरासदार बऱ्याच काळाने परतला तरी त्याचा हक्क मानण्याचा प्रघात अनेक गावी होता. मध्यंतरी जमीन कसणारा उपरी हा उपरीच राही.

आज सातबाराच्या उताऱ्यावर ‘भोगवटादार’ असा शब्द येतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ यातील व्याख्येप्रमाणे भोगवटादार म्हणजे जमीन प्रत्यक्ष कब्जात असलेला कायदेशीर धारक. मात्र व्यवहारात त्याच उताऱ्याला ‘मालकीचा कागद’ असे म्हणतात, आणि ‘कब्जा’ या शब्दाला बळजबरीचा वास येऊ लागला आहे. परिणामी ज्या शब्दाने कायदा हक्कदाराचे वर्णन करतो, त्याच्या जवळचा शब्द लोक हक्क हिरावणाऱ्यासाठी योजतात. याच अधिनियमाच्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातील नोंद खरी मानली जाते. पण ती विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. उतारा हे मालकीचे अंतिम प्रमाणपत्र नव्हे, ही गोष्ट ‘भोगवटादार’ हा शब्द नीट उमगला असता तर आपोआप कळली असती.

३

अधिकृत भाषेने जो भेद गमावला तो बोलीने मात्र टिकवून ठेवला आहे, हा या चिकित्सेतील मुख्य मुद्दा होय. परक्या जागेत माणूस कसा शिरला, याची वर्गवारी मराठी म्हणींनी आणि वाक्प्रचारांनी पूर्वीच केलेली आहे. आणि ती कायद्याच्या वर्गवारीशी आश्चर्य वाटावे इतकी जुळते.

पहिला वर्ग ‘आयत्या बिळावर नागोबा’ या म्हणीचा. येथे प्रवेश परवानगीवाचून झालेला असतो आणि मालक गैरहजर असतो. तळवडे-देहू भागात गुंठा घेऊन मुंबईस किंवा परदेशी नोकरीस गेलेल्या माणसाची ही नेहमीची कथा. त्याच्यापुढे अनेक दारे असतात. परंतु ती सर्व एकाच वेळी उघडी राहत नाहीत. शांतताभंगाचा संभव असल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ याच्या कलम १६४ खाली कार्यकारी दंडाधिकारी प्रत्यक्ष ताबा कोणाचा, एवढेच ठरवितो. पोलिसांचा अहवाल किंवा अन्य माहिती त्याच्याकडे येण्यापूर्वीच्या दोन महिन्यांत ज्याला बळाने हुसकले असेल, त्याचा ताबा कायम आहे असे तो धरू शकतो. विशिष्ट सहाय्य अधिनियम, १९६३ याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा केला, तर मालकी सिद्ध करण्याची गरजच नसते. आपला ताबा होता आणि तो संमतीवाचून व कायद्याच्या रीतसर मार्गावाचून काढून घेतला गेला, एवढे दाखविणे पुरते. मात्र हा दावा सरकारविरुद्ध लावता येत नाही. जमीन शेतीची असेल, तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ याखालीही सहा महिन्यांतच दाद मागता येते. ही मुदत टळल्यावर मालकीच्या आधारे ताब्याचा दावा उरतो. तो बारा वर्षांच्या मुदतीचा, पण पुराव्याच्या दृष्टीने अधिक जड.

या ठिकाणी गुंठेधारकाची एक विशेष अडचण ध्यानात घेतली पाहिजे. तुकडेबंदीच्या कायद्यामुळे अशा जागांचे अनेक व्यवहार नोंदणीकृत खरेदीखताने न होता साठेखत, कुलमुखत्यारपत्र किंवा नोटरीपुढील करार यांवर झाले. केवळ अशा कागदांनी मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणी स्पष्ट केले. अर्थात् ज्याचा मालकीचा कागद कच्चा, त्याला मालकी न विचारणारा सहा महिन्यांचा दावा अधिक मोलाचा असतो. पूर्वीच्या ताब्याच्या आधारे बारा वर्षांत दावा लावण्याची वाटही त्याला मोकळी असते. परंतु कुंपण नाही, पीक नाही, पाटी नाही अशा मोकळ्या गुंठ्यावर पूर्वी आपला ताबा होता हे सिद्ध करणेच दुर्घट होते. जो माणूस ‘अतिक्रमण काढा’ असा अर्ज घेऊन नगरपंचायत आणि पोलीस ठाणे यांच्यात वर्षभर फिरतो, त्याला आपण नेमके काय गमावले हे बहुधा शेवटपर्यंत कळत नाही.

दुसरा वर्ग ‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी’ या म्हणीचा. म्हणीतील जातिवाचक टोमणा बाजूस ठेवला, तर तिच्यातील महत्त्वाचा शब्द ‘दिली’ हा आहे. येथे प्रवेश परवानगीने झालेला असतो. तक्रार आहे ती मुदतीनंतर राहण्याची. चाकण आणि तळवडे येथील कामगारांसाठी बांधलेल्या खोल्यांचे वाद या वर्गात मोडतात. येथे अतिक्रमणाची भाषा सर्वथा गैरलागू ठरते. करार ‘लिव्ह अँड लायसन्स’चा असेल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम २४ खाली मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि जागा न सोडणाऱ्यास ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. करार लेखी व नोंदविलेला असावा, असे याच अधिनियमाचे कलम ५५ सांगते. तो तसा नसेल, तर ज्या अटींवर जागा घेतली त्यांबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. खोलीचे पाणी किंवा वीज तोडून माणसास बाहेर काढण्याची रीत याच अधिनियमाने निषिद्ध ठरविली आहे. ज्याने स्वतः ओसरी दिली, त्याला ती परत मागण्याची रीतही पाळावी लागते, असा याचा आशय होय.

तिसरा वर्ग ‘कुंपणच शेत खाते’ या म्हणीने सुचविला जातो. राखणदार, नोकर, जागा सांभाळण्यास ठेवलेला नातलग हे यात येतात. त्यांचा ताबा मुळातच दुसऱ्याच्या वतीने असतो. तो ‘वहिवाटदारा’चा ताबा होय. गोव्यातील एका घरावरून बहीण आणि भाऊ यांच्यात झालेल्या मारिया मार्गारिदा सिक्वेरा फर्नांडिस प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हे तत्त्व निःसंदिग्धपणे मांडले : राखणदाराने कितीही वर्षे वास्तव्य केले तरी त्यातून त्याला जागेत हक्क उत्पन्न होत नाही. त्याच निकालाने आणखी एक गोष्ट सांगितली, ती भाषाभ्यासकास विशेष महत्त्वाची वाटावी. आपण जागेत कोणत्या नात्याने, केव्हापासून आणि कोणत्या आधारावर आहोत, हे दाव्यात व कैफियतीत तपशीलवार लिहिले पाहिजे. मोघम विधाने पुरेशी नाहीत. ‘अतिक्रमण’ हा शब्द नेमका मोघमपणाचाच आश्रय आहे.

चौथा वर्ग ‘बांध कोरणे’ या वाक्प्रचाराचा. दरवर्षी नांगराच्या एका तासाने शेजाऱ्याची जमीन आपल्याकडे ओढणे, असा त्याचा अर्थ. पाऊल रेषेपलीकडे टाकणे हा ‘अतिक्रमण’ या शब्दाचा यौगिक अर्थ खरोखर लागू पडतो तो येथेच. कारण येथे प्रथम रेषा असते आणि मग ती ओलांडली जाते. स्वाभाविकच उपायही रेषेपासून सुरू होतो : भूमी अभिलेख खात्याची मोजणी आणि हद्दीच्या खुणा. दावा चालू असता न्यायालय मोजणीसाठी आयुक्त नेमू शकते. मोजणीवाचून लावलेला हद्दीचा दावा अनेकदा लंगडा पडतो, हे दिवाणी न्यायालयांच्या निकालांतून वारंवार दिसून येते.

पाचवा वर्ग म्हणीचा नसून घोषणेचा आहे : ‘कसेल त्याची जमीन’. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ आणि त्यानुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन यांनी या घोषणेला कायद्याचे रूप दिले. दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा येथे कूळ ठरू शकतो आणि कूळ हे जमिनीचे मानीव खरेदीदारही ठरू शकते. मालकाने लावलेल्या दाव्यात प्रतिवादीने ‘मी कूळ आहे’ अशी कैफियत दिली, की तो प्रश्न दिवाणी न्यायालयास स्वतः सोडविता येत नाही. कलम ८५अ प्रमाणे तो महसुली अधिकाऱ्याकडे पाठवावा लागतो. येथे एका शब्दाने न्यायालयच बदलते. जुन्या सातबारावरील ‘जमीन करणाराचे नाव’ हा रकाना आणि ‘इतर अधिकार’ या सदरातील कुळाची नोंद यांवर पिढ्यान्‌पिढ्या वाद चालले, याचे इंगित हेच.

४

या पाचही वर्गांच्या मधून एक भीती सर्वत्र वावरते : ‘बारा वर्षे राहिला की जागा त्याची.’ या लोकसमजुतीचे मूळ मुदत अधिनियम, १९६३ याच्या अनुच्छेद ६५ मध्ये आहे. परंतु तिच्यातून कायद्याचे अर्धे अंग गळून पडले आहे. त्यास काही अंशी ‘प्रतिकूल कब्जा’ ही रूढ झालेली संज्ञा जबाबदार मानावी लागेल. ‘प्रतिकूल’ हा शब्द मराठीत हवामानास, परिस्थितीस, ग्रहमानास लागतो. त्याने गैरसोय सूचित होते, विरोध नव्हे. कायद्यास अभिप्रेत आहे तो मालकाचा हक्क नाकारणारा ताबा. तो बळजबरीने नसावा, लपूनछपून नसावा आणि परवानगीने नसावा, अशा तीन नकारांनी त्याची व्याख्या होते, आणि तो मालकास कळू शकेल इतका उघड व अखंड असावा लागतो. ज्यास ओसरी दिली तो, राखणदार आणि सहहिस्सेदार यांचा नुसता ताबा म्हणूनच कधी ‘प्रतिकूल’ होत नाही. बारा वर्षांचे गणितही राहण्याच्या दिवसापासून न चालता ताबा विरोधी झाल्याच्या दिवसापासून चालते. सरकारी जमिनीसाठी ही मुदत तीस वर्षांची आहे.

१९६३ च्या अधिनियमाने मालकाच्या बाजूने एक मोठा बदल केला, तोही या लोकसमजुतीत हरवला आहे. १९०८ च्या जुन्या अधिनियमाखाली ताबा गमावलेल्या मालकास गेल्या बारा वर्षांत आपला ताबा होता हे स्वतः दाखवावे लागे. नव्या व्यवस्थेत मालकी सिद्ध करणे हे मालकाचे काम. आपला ताबा विरोधी होता आणि तो बारा वर्षे टिकला, हे दाखविण्याचा भार समोरच्यावर. तथापि मुदत संपली तर कलम २७ प्रमाणे दावाच नव्हे, हक्कही नष्ट होतो. विज्ञानेश्वराने जे नाकारले ते येथे मान्य झाले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हेमाजी वाघाजी प्रकरणी या नियमावर कडक टीका केली आणि शासनास फेरविचार सुचविला. २०१९ मध्ये रविंदर कौर ग्रेवाल प्रकरणी मात्र त्याच न्यायालयाने, असा ताबा पूर्ण झालेल्या व्यक्तीस स्वतः वादी म्हणूनही त्याचा आधार घेता येतो, असे ठरविले. विधी आयोगाने २०२३ च्या २८० व्या अहवालात कायदा बदलण्याची आवश्यकता नाही, असे बहुमताने म्हटले. तात्पर्य, नियम कायम आहे. म्हणून त्याचे नाव तरी नेमके असावे, अशी अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही. ‘मालकी नाकारून केलेला उघड कब्जा’ ही शब्दयोजना लांब आहे खरी. पण तिच्यात अट लपत नाही.

याच संदर्भात ‘रीतसर’ या साध्या मराठी शब्दाचे महत्त्व दाखविले पाहिजे. घुसणारा घुसत असतानाच त्यास वाजवी बळाने रोखण्याचा अधिकार मालकास आहे. परंतु ताबा एकदा स्थिरावला, की मालकासही रीतसर मार्गानेच जावे लागते, असे २००३ च्या रामे गौडा प्रकरणात ठरले. स्थिरावलेल्यास मालकाने माणसे आणून बाहेर फेकले, तर तो बेदखल झालेला माणूसच कलम ६ खाली मालकाविरुद्ध सहा महिन्यांत दावा लावू शकतो. मराठीत ‘ठाण मांडणे’ आणि ‘बस्तान बसविणे’ असे दोन निरनिराळे वाक्प्रचार आहेत. पहिल्यात हट्ट आहे, दुसऱ्यात काळाने आलेली स्थिरता आहे. न्यायालय ज्या सीमारेषेचा शोध घेते, ती या दोहोंच्या मध्येच कोठेतरी असते.

५

आतापर्यंतचे विवेचन खाजगी मालकास धरून झाले. सार्वजनिक जमिनीच्या बाबतीत ‘अतिक्रमण’ हा शब्द शासकीय संज्ञाच आहे. महसूल अधिनियमाच्या कलम ५० खाली जिल्हाधिकारी सरकारी जमिनीवरील अतिक्रमण काढू शकतो. कलम ५१ खाली ते नियमितही करता येते. गावाच्या सामाईक जमिनींसंबंधी जगपालसिंग प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालानंतर महाराष्ट्रातील गायरानांचा प्रश्न ऐरणीवर आला, आणि २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात त्याची स्वतःहून दखल घेतली गेली. त्या वेळी पुढे आलेली अतिक्रमणांची संख्या राज्यभरात दोन लाखांहून अधिक होती. या एका आकड्यात धनदांडग्याने भिंत घालून बळकाविलेली एकरभर जमीन आणि भूमिहीन मजुराची दहा बाय दहाची खोली समान मोजली गेली. संख्या मोजण्यास शब्दाची अतिव्याप्ती सोयीची पडते. न्याय करण्यास पडत नाही.

ही अडचण न्यायालयांना अपरिचित नव्हती. मुंबईच्या पदपथवासीयांच्या ओल्गा टेलिस प्रकरणात १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने पदपथावर राहण्याचा हक्क मान्य केला नाही. पण तेथे राहणारा माणूस गुन्हा करण्याच्या हेतूने तेथे आलेला नसतो, गरजेने आलेला असतो, हेही त्याने नोंदविले आणि हलविण्यापूर्वी सूचना देण्याचा आग्रह धरला. खाजगी जमीन झोपडपट्टी म्हणून घोषित झाली असेल, तर १९७१ च्या झोपडपट्टीविषयक अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याच्या परवानगीवाचून मालकास रहिवाशाविरुद्ध दावा लावता येत नाही किंवा मिळालेला हुकूमनामा बजावता येत नाही. जो मालक हे जाणत नाही, तो दावा जिंकूनही दारातच थांबतो.

उलट टोकाचे उदाहरण देहूच्या शेजारीच आहे. मे २०२५ मध्ये चिखली येथे इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतील ३६ बंगले महानगरपालिकेने पाडले. तेथील रहिवाशांनी जागा विकत घेतल्या होत्या. त्यांनी दुसऱ्याची जमीन बळकाविली नव्हती. दोष होता तो नदीच्या पूरक्षेत्रात बांधकाम उभे राहण्याचा. त्यास ‘अनधिकृत बांधकाम’ म्हणणे योग्य. ‘अतिक्रमण’ म्हटल्यास ते नदीवरील अतिक्रमण असे लक्षणेने समजून घ्यावे लागते. लक्षणा काव्यात शोभते. नोटिशीत आणि बातमीत मात्र तिच्यामुळे जागा विकत घेणारा आणि बळकाविणारा एकाच पंक्तीत बसतात, आणि ज्यांनी त्या जागा विकल्या त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

६

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, न्यायाधीश शब्दाकडे न पाहता वस्तुस्थितीकडे पाहतो, आणि दावा तर वकील लिहितो. मग सामान्य माणसाच्या शब्दाला एवढे महत्त्व कशासाठी? त्याचे उत्तर असे की, वकिलाकडे जाण्यापूर्वी माणूस चावडीवर जातो, पोलीस ठाण्यात जातो, नगरपंचायतीत अर्ज देतो. त्या पहिल्या अर्जात जे लिहिले जाते ते पुढे पुराव्यात येते. ज्याने भाडेकरूस पहिल्या अर्जात ‘अतिक्रमणदार’ म्हटले, त्याने नकळत स्वतःच परवानगी नाकारली. आणि परवानगी नाकारणे म्हणजे समोरच्याच्या ‘प्रतिकूल कब्जा’च्या कैफियतीस आपल्या हाताने पाया घालून देणे होय. १९९८ पासून जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा, काही अपवाद सोडल्यास, मराठी ठरली आहे. त्यामुळे हा प्रश्न यापुढे केवळ इंग्रजीतील दाव्याच्या भाषांतराचा म्हणून टाळता येणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बोलीतील वर्गवारी नेमकी असली, तरी ती निर्विकार नाही. नागोबा, भट, कुंपण या प्रतिमांत निवाडा आधीच झालेला आहे, आणि कायद्याने निवाडा शेवटी करावयाचा असतो. हा आक्षेप मान्य करावाच लागेल. किंबहुना ‘अतिक्रमण’ हा संस्कृत शब्द शासनाने उचलला तो काही अंशी असा निर्विकारपणा साधण्यासाठीच असावा. राज्यव्यवहारकोशाच्या काळापासून भाषाशुद्धीच्या प्रयत्नांत फारशी शब्दाच्या जागी संस्कृत शब्द बसविण्यावर भर राहिला. त्यात शब्दाचे कूळ बदलले, पण अर्थाच्या पोटभेदांची मोजणी झाली नाही. घ्यावयाची आहे ती बोलीची वर्गवारी. तिचा टोमणा घेण्याचे कारण नाही. विनापरवानगी प्रवेश, मुदतबाह्य वास्तव्य, राखणदाराचा ताबा, हद्दभंग, कुळवहिवाट आणि सरकारी जमिनीवरील वस्ती, हे सहा शब्दप्रयोग कोणाही मराठी माणसास कोशावाचून कळतील. त्यांतील प्रत्येकाने माणूस आत कसा आला हे कळते, आणि तेवढ्यावरून कोठे जावे व किती दिवसांत जावे हेही ठरते.

चावडीवरील अर्जाचा नमुना छापताना ‘अतिक्रमणाचा प्रकार’ असा एक रकाना ठेवला आणि त्यात हे सहा पर्याय दिले, तर शब्दाची अतिव्याप्ती बऱ्याच अंशी आटोक्यात येईल. देहूच्या गुंठेधारकास आपले सहा महिने केव्हा सुरू झाले हे त्या रकान्यापाशीच कळेल. चाळीच्या मालकास, आपण घुसखोराशी नसून करारातील दुसऱ्या पक्षाशी बोलत आहोत, हे उमजेल. आणि गायरानावरील मजुरासही, आपले वास्तव्य नियमात बसते की नाही हे विचारण्याची जागा मिळेल. कायद्याचे कलम एकही न बदलता हे करता येण्याजोगे आहे. त्यासाठी मराठीच्या अभ्यासकांनी कोशरचनेबरोबरच अर्जाच्या कागदाकडेही लक्ष द्यावयास हवे.